ठाण्याची हवा न मानवणारे बूट

जुलैतल्या एखाद्या रविवारी आसनगावहून माहुलीला जाणारी गर्दी गडावरून परतताना पाहा. एका हातात सुटलेला सोल, बुटाच्या वरच्या भागाला दोरीचे वेढे आणि चाल लंगडी, असा कुणी ना कुणी दिसतोच. तक्रारही ठरलेली असते: "अहो, बूट नवेच आहेत. घेऊन तीन वर्षं झाली, पण घातले किती वेळा? चार!" दोष सगळा कंपनीच्या माथी जातो. पण हे बूट वाटेने मारलेले नसतात. ते घरच्या कपाटातच मेलेले असतात, डोंगरावर फक्त बातमी कळते.

एनसीसीचे कॅडेट, नागरी संरक्षणाचे स्वयंसेवक, खाडीकाठी कांदळवन साफ करायला जाणारी कॉलेजची पोरं, या सगळ्यांसाठी बूट घेताना आपण चामडं जाड आहे का, शिलाई पक्की आहे का, एवढंच बघतो. ठाणे-नवी मुंबईत त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: या बुटाला इथली दमट हवा मानवेल का?

बुटाचा तळ सहसा दोन थरांचा असतो. जमिनीला लागतो तो कठीण थर आणि त्याच्या वर धक्के झेलणारा फोमचा थर, म्हणजे मिडसोल. हा फोम अनेकदा पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा असतो. पीयू लवचिक, टिकाऊ, तेलाला दाद न देणारा. बाकी सगळे गुण चांगले. गोची त्याच्या साखळीत आहे. सोलसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या पॉलिएस्टर जातीच्या पीयूमध्ये लांबच लांब रेणू एस्टर नावाच्या बंधांनी जोडलेले असतात आणि पाण्याचा रेणू नेमका हाच बंध तोडतो. त्यासाठी बूट भिजावा लागत नाही, हवेतली वाफ पुरते. बंध तुटला की तिथे आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढचे बंध तुटण्याचा वेग वाढवतं. त्यामुळे पहिली दोन-तीन वर्षं वरून काहीच कळत नाही आणि मग सगळं एकदम होतं. त्यात रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे जुलैची वाफ आणि मे महिन्याचा उकाडा, दोन्ही आपल्या वाट्याला.

घरात जुने बूट असतील तर आत्ताच काढून पाहा. मिडसोलच्या कडेला अंगठ्याने जोरात दाबा. निरोगी फोम दबतो आणि लगेच वर येतो. बिघडलेल्याला आधी केसाएवढ्या भेगा दिसतात. आणखी दाबलं की तो जुन्या खारी बिस्किटासारखा चुरतो, कधी बोटाला चिकट लागतो. अशा बुटाने पावसात डोंगर चढायचा नाही, मग वरचं चामडं कितीही चकाचक असो.

पीयूचे बूट घ्यायचेच नाहीत, असं मी म्हणत नाही. पण खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचल्याशिवाय घेऊ नका. परदेशी उत्पादक पीयू सोलचं आयुष्य साधारण 3 ते 5 वर्षं धरतात; आपल्या हवेत खालचाच आकडा धरलेला बरा. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा बूट तीन वर्षं गोदामात पडलेला असेल, तर निम्म्याहून जास्त आयुष्यही तिथेच गेलेलं असतं. रबर, ईव्हीए (हलका प्लॅस्टिकचा फोम) आणि टीपीआर (रबरासारखं प्लॅस्टिक) यांना हा रोग होत नाही. ईव्हीए फोम वापराने दबून बसतो, टीपीआर लवकर झिजतो, पण दोन्ही आधी सूचना देतात. पीव्हीसीचा सोल स्वस्त असतो, मात्र ओल्या फरशीवर घसरतो. परेडपुरता ठीक, डोंगरावर नको.

महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्यांमुळे आपल्याकडे सेफ्टी शूज सहज आणि स्वस्तात मिळतात. बरेच पालक तेच 'मजबूत' म्हणून मुलाला घेऊन देतात. त्यांची टोपी, म्हणजे पुढचं पोलादी कवच, 200 जूलचा आघात झेलते: सुमारे 20 किलोचं वजन एक मीटरवरून पडण्याइतका. कामगाराला ते हवंच. कॅडेटच्या पायावर मात्र रोज काही 20 किलो पडत नाहीत. शिवाय यातल्या बऱ्याच बुटांचा सोल डबल डेन्सिटी, म्हणजे दोन वेगळ्या घनतेच्या थरांच्या पीयूचा असतो, म्हणजे वरची कथा इथेही लागू. वजनाचा हिशेब आणखी वेगळा. पायात घातलेलं एक किलो वागवायला शरीराला पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतके कष्ट पडतात, कारण प्रत्येक पावलाला ते उचलून पुढे फेकायचं आणि पुन्हा थांबवायचं असतं. आणि पारसिकच्या उतारावर त्या कवचाला बोटं आपटायला लागली की दोन दिवसांत नखं काळी.

आता वॉटरप्रूफचा मोह. चांगल्या वॉटरप्रूफ बुटात पीटीएफई नावाच्या प्लॅस्टिकचा ताणून पातळ केलेला पडदा असतो. बॉब गोर यांनी 1969 मध्ये तो ताणण्याची युक्ती शोधली. त्याची छिद्रं इतकी बारीक की पाण्याचा थेंब आत शिरत नाही, पण वाफेचा सुटा रेणू आरामात बाहेर पडतो. मात्र वाफ स्वतःहून कुठे जात नाही, तिला ढकलावं लागतं आणि ढकलतो तो आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातला, म्हणजे हवेतल्या वाफेच्या दाबातला फरक. घामेजलेल्या बुटात 34 अंशांना हा दाब सुमारे 53 हेक्टोपास्कल असतो. थंड प्रदेशात, 10 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असताना, बाहेरचा दाब जेमतेम 7. फरक 46 चा, घाम भराभर बाहेर. येऊरच्या जंगलात जुलैत 28 अंश आणि 90 टक्के आर्द्रता धरली, तर बाहेरचाच दाब 34 होतो. उरला फरक 19. तोच पडदा, तीच किंमत, पण बाहेर ढकलणारा जोर निम्म्याहून कमी. त्यात आपला पाऊस वरून शिंतोडे उडवणारा नाही. ओढ्यात पाय घोट्याच्या वर बुडतो, पाणी बुटाच्या तोंडातून आत येतं आणि जो पडदा पाण्याला आत येऊ देत नव्हता तोच आता बाहेर जाऊ देत नाही.

व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैन्याने हा प्रश्न उलट्या बाजूने सोडवला. त्यांच्या जंगल बुटांचा वरचा भाग कापडी होता आणि तळव्याच्या कमानीजवळ चक्क भोकं ठेवली होती. पाणी येणारच, तर त्याला जायला वाट द्या, हा त्यामागचा विचार. कोकणपट्टीतल्या पावसाळी स्वयंसेवेला हाच मार्ग सोयीचा: जाळीचा किंवा जाड कापडाचा, लवकर निथळणारा आणि रात्रभरात वाळणारा बूट. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा अवजड यंत्रं वर नेता येईनात. मदतीला गेलेले लोक भर पावसात चिखलाची वाट तुडवत चढले. अशा दिवशी बूट कोरडा राहण्याची आशा व्यर्थ. तो जड होऊ नये आणि घसरू नये, एवढं पुष्कळ.

घसरण्याचा संबंध रबराच्या मऊपणाशी आहे. मऊ रबर दगडाच्या खरखरीत अंगात रुतून बसतं, कडक रबर वरच्यावर राहतं. नक्षीचं काम पाणी आणि चिखल बाजूला सारण्याचं. 1935 मध्ये इटलीच्या पुंता रासिका शिखरावर सहा गिर्यारोहक दगावले. त्यानंतर विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी सोल बनवला. विब्रम हे सोलच्या ब्रँडचं नाव त्यांच्याच नावावरून आलं. आपल्याकडच्या लाल मातीत खाचा खोल हव्यात आणि एकमेकींपासून लांबही. जवळजवळ असल्या की माती अडकून सोल सपाट होतो. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र कोणत्याच सोलचा भरवसा धरू नये.

बूट चावतो म्हणजे नेमकं काय होतं? नुसती कातडी घासल्याने फोड येत नाही. मोज्याला चिकटलेली वरची त्वचा एकीकडे ओढली जाते, आतलं हाड दुसरीकडे सरकतं आणि मधले थर ताणून फाटतात. त्या पोकळीत पाणी भरतं. दमट त्वचा मोज्याला जास्त चिकटते, म्हणून पावसाळ्यात फोड जास्त. 20 अंश आणि 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत सुती धागा वजनाच्या सुमारे 8 टक्के ओल धरतो, लोकर 16 टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सुती मोजा भिजला की भिजलेलाच राहतो. लोकर ओल पोटात ठेवूनही त्वचेला कोरडी लागते, पण ऑक्टोबरात ती नकोशी होते. म्हणून पॉलिएस्टर किंवा नायलॉनचे मोजे घ्या आणि एक जोड पिशवीत जादा.

माप संध्याकाळी द्या, कारण दिवसभरात पाय सुजतो. सोबत नेहमीचे मोजे न्या. दुकानातल्या जिन्यावरून उतरून पाहा. बोटं पुढे आपटता कामा नयेत आणि टाच वर उचलली जाता कामा नये. 'वाढत्या पायाचा' म्हणून दोन नंबर मोठा घेणं ही आईची जुनी काटकसर परेडमध्ये महागात पडते, कारण सैल बुटातच पाय जास्त सरकतो. भारतीय पाऊल युरोपीय पावलापेक्षा रुंद असतं, हे चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांचं थ्री-डी स्कॅनिंग करून नोंदवलं आणि त्यावरून 'भा' नावाची मापपद्धती सुचवली. तेव्हा आयात केलेला बूट बाजूंना आवळत असेल, तर 'घालून घालून सैल होईल' हे दुकानदाराचं म्हणणं चामड्यापुरतंच मान्य करा. ओल आणि उबेने चामड्यातले कोलॅजनचे तंतू थोडे सरकतात, कृत्रिम कापडाचे नाही.

खाडीच्या गाळात उतरायचं असेल तर वरचं सगळं विसरा आणि गमबूट घाला. तिथे काचा असतात, सुया असतात. पाय सरळ वर खेचला की तळाखाली पोकळी होऊन गमबूट गाळातच राहतो. टाच थोडी फिरवून आत हवा जाऊ दिली की सुटतो. आणि अंगावर जखम असताना तुंबलेल्या पाण्यात उतरावं लागलं असेल, तर लेप्टोसाठी (अशा पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप) डॉक्टरांना विचारायला ताप येण्याची वाट पाहू नये.

घरी आल्यावर बूट साध्या पाण्याने धुवा. खारं पाणी चामड्यात वाळलं की मिठाचे स्फटिक तंतूंच्या मध्ये वाढतात आणि चामडं ताठरतं. मग आतले तळवे बाहेर काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला, पंख्याखाली ठेवा. फ्रीजच्या मागची ऊबही चालेल. गॅसजवळ किंवा हेअर ड्रायरसमोर नको: कारखान्यात सोल चिकटवताना गोंद 60-70 अंशांच्या आसपास तापवूनच चिकट करतात, तेवढी उष्णता लागली की तो पुन्हा सैल होतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून माळ्यावर टाकणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडली जाते. सोबत आलेली सिलिका जेलची पुडी आपल्या पावसाळ्यात थोड्याच दिवसांत तुडुंब होते.

नवा बूट घेतला की कोपऱ्यावरच्या गटई स्टॉलवर सोलला बाजूने टाके घालून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. रबरी सोल नुसता चिकटवलेला असेल तर तिचा उपयोग होतो. टाक्यांच्या भोकांतून थोडं पाणी येईल, पण सोल हातात येणार नाही. पीयूचा मिडसोल चुरायला लागला असेल तर टाका धरायला आत काही उरलेलंच नसतं. अनुभवी कारागीर बूट हातात घेऊन दाबूनच ते सांगतो आणि पैसेही घेत नाही. वरचा भाग धड असेल तर त्याच्याकडून जुना तळ पूर्ण काढून रबराचा नवा बसवून घ्यावा.