‘रागात मारलं’ म्हणून खून टळत नाही

चोपडा-यावलकडे बांधावरून मारामारी होऊन माणूस गेला की पारावर हमखास ऐकू येतं, ‘रागात झालं, जीव घ्यायचा इरादा नव्हता, खून लागणार नाही.’ हे चूक आहे. जाणूनबुजून केलेली जखम सर्वसाधारणपणे मरण ओढवण्याइतकी गंभीर असेल, तर जीव घ्यायचा हेतू नसतानाही तो खूनच. म्हणून न्यायालय हत्यार पाहतं, घाव कुठे आणि किती जोरात बसला ते पाहतं. रागाची सवलत आहे, पण चिथावणी गंभीर आणि अचानक हवी, घावही ताबा सुटलेला असतानाच. घरी जाऊन कुऱ्हाड आणली, तर मधला वेळ आरोपीच्या विरोधात जातो. पत्नीच्या प्रियकराला गोळ्या घालणाऱ्या नौदल अधिकारी नानावटीच्या खटल्यात १९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ३ तासांचं अंतर असंच धरलं. आणि सवलत मिळाली म्हणजे सुटका नव्हे. मग गुन्हा खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा ठरतो, आणि त्यालाही भारतीय न्याय संहितेच्या कलम १०५ खाली जन्मठेप होऊ शकते.