पाचटावरची बुरशी म्हणजे रोग नव्हे

सोलापूर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात, पाचटावर (ऊस तोडल्यावर शेतात उरलेल्या वाळक्या पानांवर) पांढरी बुरशी दिसली की ती खोडव्याला, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या पिकाला, लागेल, म्हणून पाचट पेटवून द्यावे, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो चुकीचा आहे. लाल कूज हा उसाचा बुरशीजन्य रोग झालेल्या फडाची गोष्ट वेगळी. एरवी ट्रायकोडर्मासारखी बुरशी मृत काडीकचऱ्यावर जगते आणि सेल्युलेज नावाची विकरे (एन्झाइम) बाहेर सोडते, ज्यांतील काही सेल्युलोजची, म्हणजे काडीतल्या तंतूंची, ग्लुकोजची लांब साखळी मधेच तोडतात, काही टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजच्या जोड्या सोडवतात आणि बीटा-ग्लुकोसिडेज त्या जोड्या फोडते. काडीला कडकपणा देणारे लिग्निन मात्र सेल्युलेजला दाद देत नाही. शिवाय विकरांना ओलावा लागतोच. सोलापूरच्या उन्हाळ्यात कोरडे पाचट जसेच्या तसे राहते, तो दोष बुरशीचा नाही, पाण्याचा आहे.