चालू सर्व्हरमधली डिस्क बदलताना

साधा, चपट्या चौकोनी तोंडाचा पेनड्राइव्ह घ्या आणि उजेडात त्याच्या तोंडात पाहा. चार सोनेरी पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन लांब, मधल्या दोन जरा आखूड. कडेच्या विजेच्या, मधल्या माहितीच्या. म्हणजे पेनड्राइव्ह लावताना आधी वीज जोडली जाते, मग माहितीचा मार्ग. काढताना याच्या उलट.

सर्व्हरमधल्या साटा (SATA, डिस्क जोडण्याची एक प्रमाणित पद्धत) डिस्कमध्ये हीच युक्ती आणखी बारकाईने केलेली आहे. तिच्या वीजजोडणीत 15 पिना असतात. डिस्क आत सरकवली की सर्वात आधी ग्राउंडच्या (शून्य व्होल्टेजच्या) पिना टेकतात, मग ‘प्रीचार्ज’च्या आणि त्यानंतर उरलेल्या. प्रीचार्ज कशासाठी? डिस्कच्या सर्किटवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, सुरुवातीला रिकामे असतात. पूर्ण वीज मिळताच ते एका झटक्यात भरपूर प्रवाह ओढतात, आणि त्यामुळे व्होल्टेज क्षणभर खाली आलं तर शेजारच्या चालू डिस्कही रीसेट होऊ शकतात. प्रीचार्ज पिनांमधून मोजकाच प्रवाह सोडून ते आधी भरून घेतात. मला तर ही रचना फार सुंदर वाटते. अर्थात डिस्क बसते तो कप्पा आणि कंट्रोलर (डिस्कचा कारभार पाहणारं सर्किट) दोन्ही हॉट-स्वॅपसाठी, म्हणजे मशीन चालू असताना डिस्क बदलण्यासाठी, बनवलेले असले, तरच तिचा फायदा.

पिनांना मात्र एक गोष्ट कळत नाही: कोणती माहिती अजून मेमरीतच अडकली आहे. वेग वाढावा म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर लगेच लिहीत नाही. म्हणून आधी अनमाउंट करायचं, म्हणजे अडकलेली माहिती लिहून घेऊन डिस्क सिस्टिमपासून सोडवायची, मग ती थांबवायची. मिनिटाला 7200 फेरे घेणाऱ्या तबकड्या वीज तोडल्यावरही काही सेकंद फिरत राहतात. त्या पूर्ण थांबेपर्यंत डिस्क जागची हलवू नये.

खरा घात होतो तो चुकीची डिस्क उपसल्याने. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी 1988 मध्ये मांडलेल्या रेड (RAID, अनेक डिस्क जोडून एकच साठा करण्याच्या) पद्धतीतला पाचवा प्रकार एक डिस्क गेली तरी पॅरिटीच्या, म्हणजे बाकीच्या डिस्कवर जपलेल्या ताळ्याच्या, गणिताने तिचा मजकूर पुन्हा उभा करतो. पण एक बिघडलेली असताना घाईत शेजारची चांगली काढली, तर दोन गेल्या आणि सगळा साठाच बंद पडला. म्हणून कप्प्याचे क्रमांक मोजत बसू नका. सॉफ्टवेअरमधून त्या डिस्कचा दिवा लुकलुकवा आणि बाहेर आल्यावर लेबलवरचा सीरियल नंबर ताडून पाहा.

नवी डिस्क बसवल्यावर तिच्यावर जुना मजकूर उभा करण्यासाठी उरलेल्या सगळ्या डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि मोठ्या डिस्कना त्याला कित्येक तास लागतात. तेवढ्या वेळात आणखी एखादी दगा देऊ शकते, म्हणून बॅकअप आधीच घेऊन ठेवा.