स्पेनची २७ टक्के बेरोजगारी: फुगा २००८चा, मुळं १९८४ची

२०१३च्या पहिल्या तिमाहीत स्पेनमधल्या बेरोजगारांची संख्या ६२ लाखांवर गेली. दर होता २७ टक्के, आणि पंचविशीच्या आतल्या तरुणांमध्ये ५५ टक्क्यांहून अधिक. २००७च्या मध्यात हाच दर ८ टक्क्यांच्या आसपास होता. मधल्या काळात घरबांधणीचा फुगा फुटला, हे उत्तर खरं असलं तरी पुरेसं नाही. फुगा अमेरिकेतही फुटला, पण तिथे बेरोजगारी १० टक्क्यांवरून माघारी फिरली. आयर्लंडमध्ये बँकाच बुडाल्या, तरी दर १६ टक्क्यांपलीकडे गेला नाही.

फुग्याची गोष्ट तशी परिचित आहे. १९९८मध्ये पंतप्रधान आस्नार यांच्या सरकारने कायदा करून बांधकामायोग्य जमिनीची व्याख्या सैल केली. पुढच्याच वर्षी युरो आला आणि स्पेनला कर्ज जवळपास जर्मनीच्या व्याजदराने मिळू लागलं. जमिनीचा वापर बदलला की नगरपालिकांची तिजोरी भरे, आणि प्रादेशिक बचत बँकांच्या संचालक मंडळांवर स्थानिक पुढारीच बसलेले असत. मंजुरी देणारे आणि कर्ज देणारे एकाच कंपूतले! माद्रिदजवळच्या सेसेन्यात माळरानावर तेरा हजारांहून अधिक फ्लॅटची वसाहत आखली गेली आणि अर्धीही पूर्ण झाली नाही. २००६ या एका वर्षात देशभरात आठ लाखांहून अधिक घरांना परवाने मिळाले. लोकसंख्या होती साडेचार कोटींच्या आत.

या कामावर २००७मध्ये सुमारे २७ लाख माणसं होती, म्हणजे दर आठ कामगारांत एक. इक्वेडोर, मोरोक्को, रुमानियातून लोक आले. देशातली मुलंही सोळाव्या वर्षी शाळा सोडून गवंडीकामाला लागली, कारण मजुरी चांगली होती. २००८मध्ये जवळजवळ तीसेक टक्के तरुण पुढचं शिक्षण न घेताच बाहेर पडलेले होते, युरोपीय सरासरीच्या दुप्पट. बांधकाम थांबल्यावर यांना घेणारा दुसरा उद्योगच नव्हता. २०१३पर्यंत या क्षेत्रात जेमतेम दहा लाख उरले.

तरीही हिशेब जुळत नाही. २००९मध्ये जर्मनीची अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून जास्त आकसली, स्पेनची चारच्या आत. जर्मनीत बेरोजगारी फारशी हललीच नाही, कारण कारखान्यांनी कामाचे तास कमी केले, माणसं ठेवली आणि पगारातल्या तुटीचा मोठा भाग सरकारने उचलला. स्पेनमध्ये दर १८ टक्क्यांवर पोहोचला. याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१९७५पर्यंत सत्तेवर असलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत संप आणि स्वतंत्र कामगार संघटना यांवर बंदी होती. त्या बदल्यात नोकरीला संरक्षण होतं. १९७५नंतर लोकशाही आली, पण नोकरीवरून काढणं महागच राहिलं. त्याच सुमारास पोलाद आणि जहाजबांधणीचे जुने कारखाने बंद पडत होते आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बेरोजगारी २० टक्क्यांपलीकडे गेली. फेलिपे गोन्सालेसच्या समाजवादी सरकारने १९८४मध्ये तोडगा काढला: कायम कामगारांचे हक्क तसेच ठेवायचे, पण नियमित कामासाठीही मुदतीच्या कंत्राटावर माणसं घ्यायला परवानगी द्यायची. संघटना दुखावणार नाहीत आणि मालकही खूश, असा हा सोयीचा राजकीय मार्ग होता. काही वर्षांतच तिसरा हिस्सा पगारदार कंत्राटी झाले.

फुगा फुटला तेव्हा कायम माणसाला अन्याय्य रीतीने काढल्याची भरपाई होती नोकरीच्या दर वर्षामागे ४५ दिवसांचा पगार. कंत्राट संपलेल्याला मिळत आठ दिवसांचे. मालकाने कोणाला आधी घरी पाठवलं हे सांगायला नको. कामाचे तास किंवा पगार यांवर तडजोड करण्याची गरजच पडली नाही. १९९०च्या दशकातल्या मंदीतही हेच झालं होतं, १९९४मध्ये दर २४ टक्क्यांवर गेला होता. धडा समोर होता, पण मुळाला कोणी हात घातला नाही.

‘उधळ्या दक्षिण युरोपचं कर्ज’ हा उत्तरेकडचा आरोप इथे लागू पडत नाही. २००७मध्ये स्पेनचं अंदाजपत्रक शिलकीचं होतं आणि सरकारी कर्ज जीडीपीच्या ३६ टक्के, जर्मनीपेक्षा कमी. कर्ज घरमालक आणि बिल्डरांच्या डोक्यावर होतं. स्पॅनिश कायद्यानुसार घर जप्त झालं तरी उरलेली रक्कम फेडावीच लागे, त्यामुळे काम गेलेल्या कुटुंबांनी बाकी सगळा खर्च आवळला आणि दुकानं, हॉटेलं, कारखान्यांतली कामंही गेली. त्यात २०१०पासून सरकारनेही खर्चाला कात्री लावली. २०१२मध्ये बचत बँकांच्या विलीनीकरणातून उभ्या राहिलेल्या बांकिया या बँकेचं राष्ट्रीयीकरण करावं लागलं आणि कर्जपुरवठा आटला. दर १८वरून २७ टक्क्यांवर नेला तो या दुसऱ्या फेरीने.

पंतप्रधान राहोय यांच्या सरकारने २०१२मध्ये कायम कामगाराची ४५ दिवसांची भरपाई ३३ दिवसांवर आणली, कंत्राटी पद्धत मात्र जवळपास तशीच ठेवली. तिला खरा लगाम बसला तो डिसेंबर २०२१च्या सुधारणेने. मालक आणि संघटनांच्या संमतीने झालेला हा बदल संसदेत २०२२मध्ये एका मताने तरला, आणि तेही विरोधी पक्षाच्या एका खासदाराने चुकून बाजूने मत नोंदवलं म्हणून.