सिलोनच्या डच घराण्यांच्या वंशावळी: कागद कुणी लिहिले, कशासाठी लिहिले

मेलबर्नमध्ये किंवा कोलंबोत एखाद्या डच बर्घर कुटुंबाकडे (म्हणजे सिलोनला, आजच्या श्रीलंकेला, डच काळात आलेल्या युरोपियनांच्या वंशजांकडे) वंशावळ बघायला मागितली की बहुतेक वेळा एकच साचा समोर येतो. सगळ्यात वर एक पुरुष, युरोपातलं त्याचं गाव, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या कुठल्या जहाजाने सिलोनला आला, कुठल्या साली, हुद्दा काय, आणि मग कोलंबो, गॉल नाहीतर जाफन्यात लग्न कुणाशी केलं. त्याखाली रोमन आकड्यांनी एकेक पिढी. इतकं नीटनेटकं असतं की वाटतं हे तीनशे वर्षं असंच लिहीत आले असतील. तसं काही नाहीये. कागद जुने आहेत पण हा साचा १९०८ नंतरचा आहे, आणि तो एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर द्यायला बनवला गेला. हे डोक्यात ठेवलं नाही तर त्या वंशावळीतून चुकीचंच काहीतरी वाचलं जातं.

लांबचा इतिहास थोडक्यात. १६४० ला गॉल, १६५६ ला कोलंबो, १६५८ ला जाफना, अशी पोर्तुगीजांची ठाणी एकेक करून डचांनी घेतली. (आपल्याकडची वेंगुर्ल्याची डच वखार, १६३७ ची, तीही याच खेळातली. गोव्याची समुद्रातून कोंडी करायची म्हणजे तिकडून सिलोनला मदत जाणार नाही, आणि त्या कोंडी करणाऱ्या जहाजांना रसद वेंगुर्ल्यातून.) मग १७९६ मध्ये इंग्रज आले आणि डच राज्य संपलं. म्हणजे सगळा मिळून दीडशे वर्षांचा काळ. त्यात जे लोक आले ते काही घरदार घेऊन वसायला आलेले नव्हते, कंपनीचे नोकर होते, सैनिक, खलाशी, कारकून, सुतार, थोडे पाद्री आणि वैद्य. बायका फारच थोड्या आल्या. करार संपला की परत जायचं किंवा परवानगी काढून तिथेच 'मुक्त नागरिक' म्हणून राहायचं, दुकान खानावळ वगैरे काढायची, असे दोन रस्ते. जे राहिले त्यांनी लग्नं केली ती तिथल्याच बायकांशी, बऱ्याचदा आधीच्या पोर्तुगीज काळातल्या मिश्र घरांतल्या मुलींशी. त्यामुळे घरात बोलली जायची ती मोडकी पोर्तुगीजच, डच चालायची कचेरीत आणि चर्चमध्ये, आणि एकोणिसाव्या शतकात तर दोन्हीच्या जागी हळूहळू इंग्रजी आली.

कागदांचं म्हणाल तर कंपनी हिशोबाच्या बाबतीत भयंकर पक्की होती, आणि शोधणाऱ्याचं नशीब त्यावरच चालतं. प्रत्येक जहाजाचं पगारपुस्तक असायचं, त्यात प्रत्येक माणसाचं स्वतंत्र पान, नाव, गाव, हुद्दा, निघतानाचं कर्ज, घरी बायकोला नाहीतर आईला दरवर्षी किती पगार द्यायचा त्याची नोंद, आणि शेवटी नोकरी कशी संपली ते. मेला, पळाला, परत आला, की तिकडेच मुक्त नागरिक झाला. पगार शेवटी हॉलंडमध्ये मिटवायचा असल्यामुळे ही पुस्तकं तिकडे जपली गेली, आज हेगच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि अठराव्या शतकातल्या सात लाखांहून जास्त नोंदींची सूची नेटवर फुकट बघता येते. दुसरा साठा कोलंबोत, तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात कंपनीच्या काळातल्या सात हजारांच्या आसपास बाडं आहेत, त्यात अनाथांच्या इस्टेटी सांभाळणाऱ्या कचेरीची कागदपत्रं आहेत, मृत्युपत्रं आहेत, आणि जमिनी व माणसांच्या गावोगाव केलेल्या नोंदवह्या आहेत ज्यांना तिथे 'तोंबो' म्हणतात. तिसरा साठा चर्चचा. कोलंबोचं वोल्व्हेंडाल चर्च १७५७ चं, गॉलच्या किल्ल्यातलं १७५५ चं. त्यांच्या बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या वह्या, आणि फरशीत बसवलेले कबरीचे दगड. या दगडांवरचे लेख १८७७ मध्ये आणि नंतर १९१३ मध्ये छापून निघालेत, आणि ते बरं झालं, कारण दगड झिजतात.

तर कागद भरपूर होते. पण त्यातून वंशावळी बनवायची गरज कधी पडली हा खरा मुद्दा आहे.

इंग्रजी अमलात हे लोक मधल्यामध्ये अडकले. इंग्रजी पटकन शिकले, वकिली, डॉक्टरी, रेल्वे, सरकारी कारकुनी यात पुढे गेले, पण साहेबाच्या क्लबात जागा नाही आणि सिंहली-तमिळ लोकांपासून आपण वेगळे हे तर सांगायचंच. मग बर्घर म्हणजे नक्की कोण? १८३० च्या सुमारास इंग्लंडहून आलेल्या चौकशी आयोगापुढे तिथल्या सरन्यायाधीशांनी याचं एक उत्तर दिलं आणि ते पुढे सगळे वापरत राहिले. त्यांचं म्हणणं साधारण असं की सिलोनमध्ये जन्मलेले डच, पोर्तुगीज आणि इतर युरोपियनांचे वंशज ते बर्घर, मधे कितीही पिढ्या जाऊ देत, बापाकडचे पूर्वज युरोपियन हवेत, आई कुणीही असली तरी चालेल, फक्त आईबापांचं लग्न झालेलं पाहिजे. लग्न नसेल तर मूल आईच्या जातीचं. यात पोर्तुगीजही होते हे लक्षात ठेवा, कारण पुढे तेच गळाले.

१९०८ साली कोलंबोत डच बर्घरांचा संघ स्थापन झाला. त्यामागे सरकारी दप्तरखान्यात काम केलेला, जुनी डच लिपी वाचता येणारा माणूस होता, आणि त्यामुळेच हे सगळं कागदावर आलं, नाहीतर ती बाडं वाचणारं तोपर्यंत कुणी उरलं नव्हतं जवळपास. संघाने सभासद व्हायला अट घातली: कंपनीच्या नोकरीत किंवा कंपनीच्या राज्यात असलेल्या युरोपियन माणसापासून थेट पुरुषाकडून पुरुषाकडे आलेला वंश. अशा घरातल्या मुलीने युरोपियनाशी लग्न केलं तर तिची मुलंही चालतील. बस. आणि हे सिद्ध करायचं कागदाने. मग संघाच्या नियतकालिकात एकेका घराण्याची वंशावळ छापायला सुरुवात झाली, ती पुढे अनेक दशकं चालू राहिली, आणि आज जो कोणी आपला डच पूर्वज शोधतो तो सुरुवात तिथूनच करतो.

आता या अटीबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण सगळा गुंता तिथे आहे. वरवर बघता ती उदार वाटते, युरोपियन म्हटलंय, डच म्हटलेलं नाही. ते बरोबरच होतं कारण कंपनीच्या पलटणीत जर्मन मुलुखातले लोक खच्चून भरलेले होते, शिवाय स्वीडन, डेन्मार्क, फ्रान्स कुठले कुठले. एक आख्खी स्विस पलटण कंपनीने भाड्याने घेतली होती, १७९५ मध्ये ती पलटण मालक बदलून इंग्रजांकडे गेली आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला टिपूविरुद्ध लढली. त्यातला कुणी कोलंबोत राहिला असेल तर त्याचे खापरपणतू आज डच बर्घर. हॉलंड ज्याने फार तर बंदरातून पाहिलं असेल असा माणूस डच, आणि ज्याची आई, आजी, पणजी सगळ्या डच नावाच्या घरातल्या पण बाप पोर्तुगीज आडनावाचा, तो मात्र डच नाही. सिलोनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआचे पोर्तुगीज बोलणारे लोहार-सुतार बर्घर तर सरळ बाहेरच. माझ्या मते इथे वंशापेक्षा वर्गाचं भांडण जास्त होतं, कॉलर पांढरी असलेल्यांनी हातात हातोडा असलेल्यांपासून अंतर ठेवायचं होतं, आणि कागद हे त्याचं सभ्य साधन. संघाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कुठेतरी रेघ ओढावीच लागते आणि पुरुष वंशाची रेघ तेव्हाच्या कायद्याला धरूनच होती. तेही खोटं नाही.

शिवाय थेट पुरुष वंश म्हणताना सुरुवातीचा पुरुष कोण हा प्रश्न असतोच. तिथल्या एका नावाजलेल्या घराण्याची स्वतःचीच परंपरा सांगते की मूळपुरुष तंजावरकडचा तमिळ वैद्य, १६५९ मध्ये डच गव्हर्नरच्या बायकोवर उपचार करायला बोलावला गेला आणि तिथेच राहिला. (तेव्हा तंजावरात अजून नायकांचं राज्य, आपले व्यंकोजीराजे नंतरचे.) पुढच्या पिढ्यांत पाद्री, दुभाषे, डॉक्टर झाले, डच घरांत लग्नं झाली, आणि समाजात ते बर्घर म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे नियम एकीकडे आणि माणसं दुसरीकडे.

या अटीचा शोधणाऱ्याला बसणारा खरा फटका म्हणजे बायका. आपल्याकडच्या जुन्या कुळवृत्तांतांसारखंच, सून येते ती नावापुरती आणि मुलगी लग्न होऊन गेली की पानावरून गेली. पहिल्या पिढीतली बायको तर बऱ्याच ठिकाणी नुसतं बाप्तिस्म्याचं नाव, पुढे 'कोलंबोची' किंवा 'गॉलची' एवढंच. ते लपवलं असं दरवेळी नाही म्हणता येणार, मूळ वहीतच तेवढं असतं. पण वंशावळ बनवणाऱ्याला तिच्या मागे जायचं कारणच नव्हतं, तिच्यावर काही ठरतच नव्हतं ना.

आणि मग १९५० च्या दशकात नेमकं उलटं झालं. १९४८ ला स्वातंत्र्य, १९५६ ला सिंहली एकटी राजभाषा झाली, इंग्रजीवर ज्यांची नोकरी त्यांचे पाय डळमळले आणि बर्घर मोठ्या संख्येने बाहेर पडायला लागले. जायचं होतं ऑस्ट्रेलियाला, मुख्यतः मेलबर्नला. पण तिथे तेव्हा गोऱ्यांनाच घ्यायचं धोरण, मिश्र वंशाच्या माणसाला प्रवेश हवा तर तीन चतुर्थांश युरोपीय वंश दाखवायचा, वर दिसणं आणि राहणीही युरोपीय हवी. म्हणजे इतकी वर्षं बाप, आजोबा, पणजोबा एवढं पुरत होतं, आता अचानक चारही आजीआजोबांचा हिशोब मागितला. त्याच छापील वंशावळी, तेच बाप्तिस्म्याचे दाखले परत बाहेर निघाले, नवीन प्रती टाइप झाल्या, दाखल्यांवर शिक्के मारून घेतले गेले. शेवटी समोर बसलेला अधिकारी चेहरा बघून काय ते ठरवायचा, त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला होकार दुसऱ्याला नकार असंही व्हायचं. १९६४ मध्ये नियम सैल झाले, १९७३ मध्ये धोरणच गेलं. श्रीलंकेत २०१२ च्या जनगणनेत सगळे बर्घर मिळून, पोर्तुगीज धरून, जेमतेम ३८ हजार उरले होते.

मेलबर्नच्या कपाटांत सापडणाऱ्या टाइप केलेल्या वंशावळी बऱ्याचदा या काळातल्या असतात. त्या वाचताना तारीख आधी बघावी. १९०८ नंतर संघासाठी बनवलेली असेल तर पुरुषांची बाजू भक्कम असते, कारण ती कुणीतरी मूळ वहीशी ताडून पाहिलेली असते, बायकांची बाजू पोकळ. १९५० च्या दशकातली असेल तर बायकांची बाजू भरलेली दिसते पण ती कशी भरली ते तपासावं लागतं. ज्या आजीचं आडनाव आधीच्या प्रतीत नव्हतं तिला इथे एकदम डच आडनाव फुटलं असेल तर मूळ बाप्तिस्म्याची नोंद काढल्याशिवाय विश्वास ठेवू नये. त्यात त्या लोकांना दोष द्यायचा नाही, पोरांचं भविष्य त्या एका कागदावर होतं.

मागे युरोपात जायचं तर पगारपुस्तकातलं गावाचं नाव हाच धागा. तेही कारकुनाने ऐकून लिहिलेलं, जर्मन खेड्यांची तर पार वाट लावलेली, एकच गाव चार पद्धतीने लिहिलेलं सापडतं. आणि बापाच्या नावावरून आडनाव ही पद्धत खालच्या थरात अठराव्या शतकातही चालूच होती, त्यामुळे पुस्तकात 'अॅम्स्टरडॅमचा यान यान्स' किती निघतील त्याला गणती नाही, त्यातला आपला कुठला हे जहाज आणि साल जुळल्याशिवाय कळत नाही. हॉलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद सार्वत्रिक झाली ती १८११ मध्ये, नेपोलियनच्या राजवटीत, म्हणजे सिलोन हातचं गेल्यावर पंधरा वर्षांनी. त्यामुळे सिलोनच्या पूर्वजांसाठी ती जवळपास निरुपयोगी, तिथेही चर्चच्या वह्याच उघडाव्या लागतात.

गेल्या काही वर्षांत हस्ताक्षर वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने कंपनीच्या कागदांची लाखो पानं शोधता येतील अशी करून ठेवलीत, पण ती मुख्यतः हेगमधली. कोलंबोतल्या चर्चच्या वह्यांसाठी अजूनही माणूस गाठावा लागतो. आणि आजीकडची बाजू शोधायची असेल तर बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईच्या नावापेक्षा साक्षीदारांची नावं जास्त कामाला येतात, कारण साक्षीला बऱ्याचदा आईचीच बहीण नाहीतर भाऊ उभा असतो, आणि आईचं जे आडनाव कारकुनाने गाळलं ते तिच्या भावाचं मात्र पूर्ण लिहिलेलं असतं.