दाढी आणि एक्सफोलिएशन

दाढी करण्याआधी, किंवा दोन दाढ्यांच्या मधल्या दिवसांत, कातडीवरच्या मृत पेशींचा सैल झालेला थर घासून अथवा सौम्य आम्लाने मोकळा करून काढण्याची क्रिया. बोलताना तिला सरसकट ‘स्क्रब करणे’ म्हणतात आणि सलूनच्या दरपत्रकावरही हाच शब्द असतो. त्यामागे तीन हेतू सांगितले जातात : पाते अडखळू नये, दाढी गुळगुळीत व्हावी आणि केस कातडीत वळून फोड येऊ नयेत. यांतला तिसरा हेतू खरा वजनदार. पहिल्या दोहोंचे श्रेय स्क्रबला दिले जात असले, तरी ते बरेचसे कोमट पाण्याचे असते.

बाह्यत्वचेच्या सर्वांत वरच्या भागाला शृंगस्तर म्हणतात. केरॅटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या, केंद्रक गमावलेल्या चपट्या मृत पेशींचे साधारण १५ ते २० थर त्यात एकमेकांवर बसलेले असतात. चेहऱ्यावर या सगळ्यांची मिळून जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या हिश्श्याएवढीच भरते. तळाशी जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, मरते आणि शेवटी गळून पडते. तरुणपणी या प्रवासाला सुमारे चार आठवडे लागतात, वय वाढले की त्याहून जास्त. पेशींना एकमेकींशी जखडणारे प्रथिनांचे टाके उसवण्याचे काम काही विकरे (एन्झाइम) करतात आणि त्यांना ओलावा लागतो. थंडीत कातडी कोरडी पडली की हे उसवणे रेंगाळते, पेशी सुट्या न होता खपल्यांसारख्या चिकटून राहतात आणि नखाने ओढले तर गालावर पांढरी रेघ उमटते. मृत असली तरी ही कातडी मळ नव्हे. शरीरातले पाणी आत आणि जंतू बाहेर ठेवणारी भिंत तीच आहे. त्यामुळे ती जितकी जास्त घासाल तितके चांगले, हा जाहिरातींनी रुजवलेला समज मुळातच चुकीचा आहे.

दाढीचे पाते स्वतःच कातडी सोलते, ही गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. वापरलेले कार्ट्रिज उजेडात धरले तर पात्यांच्या फटीत पांढुरका लगदा दिसतो. त्यात फेस आणि केसांचे तुकडे तर असतातच, पण शृंगस्तराचे बारीक कणही असतात. म्हणजे रोज दाढी करणाऱ्याच्या गालांचे एक्सफोलिएशन रोज होतच असते. त्याला दाढीआधी पुन्हा खरखरीत स्क्रब लावणे म्हणजे एकाच फळीवर दोनदा रंधा मारणे. नंतर जी आग होते, तिचे खापर मात्र आफ्टरशेव्हच्या माथी फुटते. आठवड्यातून एक-दोनदाच दाढी करणाऱ्याचे गणित वेगळे. त्याच्या खुंटांच्या मुळाशी तेल आणि मृत पेशी साचायला अवधी मिळतो, तेव्हा दाढीच्या आदल्या रात्री हलके घासण्याचा त्याला उपयोग होऊ शकतो.

आत वळलेला केस

या विषयाचा गाभा इथे आहे. दाढीचा केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो आणि पात्याने तिरका कापला गेला की त्याला टोक येते. केस सरळ असेल तर तो ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाहेर पडतो. कुरळा केस मात्र बाहेर येऊन वळतो आणि शेजारच्या कातडीत घुसतो. दुसरी तऱ्हा अशी की, केस कातडीच्या पातळीखाली कापला जातो आणि बाहेर पडण्याआधीच केशपुटकाची, म्हणजे केस जिच्यातून उगवतो त्या कातडीतल्या नळीची, भिंत भेदून आतल्या आत वाढू लागतो. दोन्ही प्रकारांत शरीर त्याला परका समजते. लाल, दुखरा, कधी पुवाचा फोड येतो. जागा बहुधा ठरलेल्या : मानेवर कॉलर घासते तिथे आणि जबड्याच्या कोनाखाली, जिथे केसांची दिशा भोवऱ्यासारखी बदलते. भिंगातून पाहिले तर फोडाच्या माथ्यावर कातडीखालून गेलेली काळी कमान स्पष्ट दिसते.

वैद्यकात याला स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी म्हणतात. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ स्ट्रॉस आणि क्लिगमन यांनी १९५६ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. हा जंतुसंसर्ग नसून केसाने केलेली इजा आहे, म्हणून प्रतिजैविकाचे मलम एकटे फारसे कामी येत नाही. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत हा विकार फार आढळतो आणि अमेरिकी सैन्यात दाढी राखण्याची वैद्यकीय सवलत कोणाला व किती काळ द्यावी, हा वाद त्यावरूनच वर्षानुवर्षे चालू आहे. भारतीय पुरुषांत त्याचे प्रमाण तेवढे नाही. मात्र ज्यांचे केस कुरळे आणि राठ आहेत त्यांची मान यातून सुटत नाही, आणि आपल्या सावळ्या कातडीवर फोड बसला तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो.

एकापेक्षा जास्त पात्यांच्या रेझरने या त्रासात भर घातली. जिलेटने १९७१ मध्ये ट्रॅक टू हा दोन पात्यांचा रेझर आणला, १९९८ मध्ये तीन पात्यांचा आणि २००६ मध्ये पाच पात्यांचा. पहिले पाते केसाला किंचित ओढून धरते, केस परत आत जायच्या आत पुढचे पाते त्याला आणखी खाली कापते. गाल काचेसारखा लागतो तो यामुळेच, आणि केस कातडीखाली कापला जातो तोही यामुळेच. सलूनमध्ये एक हात फिरवून झाल्यावर ‘उलटा मारू का?’ असे विचारतात. ज्याच्या मानेवर फोड येतात त्याने तिथे नाही म्हणावे.

एक्सफोलिएशन इथे दोन कामे करते. केशपुटकाच्या तोंडावर साचलेली मृत पेशींची बुचे निघाली की केसाला वाट मिळते. शिवाय जे टोक नुकतेच कातडीत शिरू पाहते आहे, ते हलक्या चोळण्याने सुटून बाहेर येते. त्यासाठी महागडी डबी लागत नाही. ओला मऊ पंचा किंवा मऊ टूथब्रश गोलाकार, दाब न देता अर्धा मिनिट फिरवला की पुरते. फोड एकदा लाल होऊन टरारला की मात्र घासणे बंद. तिथे कोमट पाण्याची घडी ठेवावी आणि केसाची कमान दिसत असेल तर स्वच्छ केलेल्या सुईने फक्त टोक वर काढावे. चिमट्याने केस मुळासकट उपटला तर त्या घडीला बरे वाटते, पण नवा केस पुन्हा त्याच आंधळ्या वाटेने येतो.

घासून की विरघळवून

घासण्याच्या प्रकारात साखर, दळलेले ओट्स, जर्दाळूच्या बियांचा किंवा अक्रोडाच्या कवचाचा चुरा, लुफा म्हणजे घोसाळ्याच्या वाळलेल्या फळाची जाळी, ब्रश आणि खरखरीत हातमोजे हे सगळे येते. अक्रोडाच्या चुऱ्याचे कण कडेने धारदार असतात. ते टाचांना चालतील, चेहऱ्याला टाळलेलेच बरे. मध्यंतरी प्लॅस्टिकचे गोल मणी घातलेले स्क्रब सर्वत्र झाले होते. ते मणी सांडपाण्याच्या गाळण्यांतून निसटून नद्या-समुद्रांत जातात, हे लक्षात आल्यावर अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांत त्यांच्या वापराला बंदी केली आणि ब्रिटनने २०१८ मध्ये तेच केले.

दुसरा प्रकार आम्लांचा. १९७४ मध्ये व्हॅन स्कॉट आणि यू यांनी इक्थिओसिस या खवलेदार कातडीच्या विकारावर अल्फा हायड्रॉक्सी आम्लांचा परिणाम दाखवला आणि तिथून ही आम्ले प्रसाधनांत शिरली. ग्लायकोलिक आम्ल आणि दह्यात असते ते लॅक्टिक आम्ल या गटातली. ती पाण्यात विरघळतात आणि शृंगस्तराच्या वरच्या पेशींमधली पकड सैल करतात. सॅलिसिलिक आम्ल तेलातही मिसळते, त्यामुळे ते केशपुटकाच्या तेलकट तोंडात उतरते. मुरुमांवरच्या फेसवॉशमध्ये ते अर्धा ते दोन टक्के असते. ग्लायकोलिक आम्लाचे लोशन आत वळणाऱ्या केसांवर वापरून पाहिलेल्या दोन छोट्या चाचण्यांचे निष्कर्ष १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. लोशन लावलेल्या बाजूचे फोड निम्म्याहून अधिक घटले आणि बऱ्याच जणांना रोज दाढी करता येऊ लागली. चाचण्या लहान होत्या हे खरे, तरीही दाण्यांच्या स्क्रबपेक्षा आम्लाच्या बाजूने पुरावा अधिक आहे, आणि फोडांची खोड असलेल्या मानेसाठी प्रस्तुत नोंदीचा कौलही तिकडेच आहे.

आम्लाची पथ्ये मात्र पाळावी लागतात. घरगुती वापरात अल्फा हायड्रॉक्सी आम्ल दहा टक्क्यांवर नसावे. ते लावू लागल्यावर कातडी उन्हाला हळवी होते आणि वापर थांबवल्यावरही आठवडाभर तशीच राहते, म्हणून दिवसा सनस्क्रीन हवे. ताज्या दाढीवर ते लावू नये. पात्याने भिंत आधीच पातळ केलेली असते, त्यात आम्ल झणझणते. रात्री आम्ल आणि सकाळी दाढी हा क्रम सोसतो.

दाढीच्या सकाळी करायचे ते थोडेच आहे. अंघोळ आधी, दाढी नंतर. दोन-तीन मिनिटे कोमट पाणी मुरले की केस फुगून मऊ होतो आणि कापायला कितीतरी कमी जोर लागतो. पाते अडखळण्यावरचा उपाय हाच. मग फेस किंवा जेल, केसांच्या दिशेने एक हात, पाच-सात दाढ्यांनंतर नवे पाते. शेवटी गार पाणी आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर. पायांची किंवा काखेची कातडी साफ करणाऱ्यांनाही हेच लागू. जांघेतली कातडी मात्र गालापेक्षा नाजूक, तिथे दाण्यांचा स्क्रब नकोच.

घासण्याच्या जुन्या रीती

कातडी घासून काढणे दाढीपुरते कधीच नव्हते. रोमन लोक अंगाला तेल लावून स्ट्रिजिल नावाच्या धातूच्या वाकड्या पट्टीने ते मळासकट खरवडत. तुर्की हमाममध्ये केसे नावाचा खरखरीत हातमोजा वापरतात आणि भिजलेल्या अंगावरून त्याने कातडीच्या अक्षरशः वळकट्या निघतात. आयुर्वेदाने दिनचर्येत उद्वर्तन सांगितले आहे, म्हणजे कोरड्या किंवा ओल्या चूर्णाने अंग चोळणे.

मराठी घरांत ही जागा उटण्याची आणि डाळीच्या पिठाची. नरकचतुर्दशीच्या पहाटे आधी तेल आणि मग उटणे, हा क्रम शहाणपणाचा आहे : तेलामुळे चूर्ण कातडीला ओरबाडत नाही. टाचांसाठी वज्री वेगळी, ती चेहऱ्याजवळ येत नसे. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून कणकेचा गोळा फिरवण्याची रीतही घरोघरी आहे, मात्र ती लव काही आठवड्यांत आपोआपच गळते आणि घासण्याने बाळाची कातडी तेवढी लाल होते.

गावच्या न्हाव्याकडे स्क्रब नव्हताच. तो वाटीतले पाणी बोटांनी गालावर, हनुवटीवर, नाकाखाली बराच वेळ चोळत राही. साबण नसला तरी एवढ्यावर वस्तरा चाले, आणि शेवटी तुरटीचा खडा फिरे. केस मऊ करणे आणि सैल पेशी सोडवणे ही दोन्ही कामे त्या चोळण्यात उरकत. आजच्या सलूनमध्ये दाढी झाल्याझाल्या, तेही मशीनच्या ब्रशने, स्क्रब मारून देण्याची पद्धत पडली आहे. त्याला उलटा क्रम म्हणावे लागेल.

कोणी टाळावे

सावळ्या कातडीत घर्षणाने रंगद्रव्य वाढते. नायलॉनच्या टॉवेलने वर्षानुवर्षे अंग घासणाऱ्यांच्या पाठीवर, हाडांच्या उंचवट्यांवर तपकिरी-काळे पट्टे उमटतात. जपानमधील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात हे नोंदवले. आपल्याकडे काळपटपणा घालवण्यासाठी म्हणून घासण्याचा जोर वाढवतात आणि डाग आणखी गडद होतो. लिंबाची फोड गालावर चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय तर सरळ धोक्याचा. लिंबाच्या सालीतील द्रव्ये आणि ऊन यांची गाठ पडली की भाजल्यासारखे फोड येतात.

पिकलेली मुरुमे, इसब, नागीण किंवा जखम असलेल्या जागी घासू नये. ट्रेटिनॉइन किंवा ॲडापॅलीन ही मुरुमांवरची मलमे लावणाऱ्यांनी आणि मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी घासणे आणि आम्ल हे दोन्ही प्रकार डॉक्टरांना विचारूनच करावेत. दाढीच्या भागात चपट्या चामखिळी असतील तर अधिक सांभाळावे लागते. त्या विषाणूमुळे होतात आणि पात्याच्या किंवा ब्रशच्या सूक्ष्म ओरखड्यांतून पसरतात. एका रेघेत ओळीने नव्या चामखिळी दिसल्या तर रेझर तिथून गेला असे समजावे. त्या पूर्ण बऱ्या होईपर्यंत त्या भागावर स्क्रबही नको आणि पातेही नको; ट्रिमरने खुंट आखूड ठेवावेत आणि ट्रिमर, पंचा, ब्रश यांतले काहीच घरात दुसऱ्याला वापरू देऊ नये.