साडेपाचशे मीटर उंचीवरचा समुद्र

मँटिस श्रिंप, म्हणजे पुढच्या पायांनी जबर ठोसा मारणारा एक समुद्री प्राणी, घरी ठेवायचा विचार कुणी बोलून दाखवला की समोरचा आधी काचेबद्दल विचारतो. काच फोडतो म्हणे तो! प्रश्न रास्त आहे. १९९८ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट यार्मथच्या सी लाइफ सेंटरमध्ये टायसन असं नाव पडलेल्या, वीतभरही नसलेल्या एका मँटिस श्रिंपने आपल्या टाकीची काच फोडली, आणि ही ख्याती त्याच्या साऱ्या जातभाईंना चिकटली. पण अशा घटना विरळाच. पुण्यात हा प्राणी जगवताना खरा कस लागतो तो पाणी सांभाळण्यात. समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, साडेपाचशे मीटर उंचीवर, चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दीडशे लिटर समुद्र स्थिर ठेवायचा, हे काम त्या ठोशाइतकंच थरारक आहे असं मला मनापासून वाटतं.

तरी ठोशाबद्दल आधी बोलायला हवं, कारण टाकीची निम्मी रचना त्यावरून ठरते.

नावात श्रिंप असलं तरी हा प्राणी कोळंबी नाही, आणि मँटिस असलं तरी नाकतोड्यासारखा कीटकही नाही. खेकडे, शेवंडं, कोळंबी यांच्याच कवचधारी गोतावळ्यातली, पण सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी वेगळी झालेली ही शाखा आहे. तिच्या साडेचारशेहून अधिक जाती ज्ञात आहेत. काहींच्या पुढच्या पायांना काटेरी भाले असतात. ते चिखलात दबा धरून मऊ भक्ष्य भोसकतात. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर ढिगाने येतात ते याच प्रकारचे. दुसऱ्या गटाच्या पायांना हातोडे असतात, आणि हौशी मंडळी ज्याच्यासाठी वेडी होतात तो पिकॉक मँटिस, म्हणजे ओडोंटोडॅक्टायलस सिलॅरस, या दुसऱ्या गटातला. लांबी १८ सेंटिमीटरपर्यंत, अंग हिरवं, पाय तांबडे-केशरी, बाजूला बिबट्यासारखे ठिपके. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातल्या ग्वाम बेटापर्यंतच्या उबदार समुद्रात तो राहतो.

२००४ मध्ये शास्त्रज्ञ शीला पटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथे अतिवेगवान कॅमेऱ्याने या हातोड्याचं चित्रण केलं. वेग सेकंदाला २३ मीटरपर्यंत भरला, म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटरच्या वर, आणि तोही पाण्यात, तीन मिलिसेकंदांच्या आत. कुठलाही स्नायू थेट आकुंचन पावून एवढी शक्ती देऊ शकत नाही. स्नायू आधी सावकाश आवळतो, पायाच्या वरच्या भागातली खोगिराच्या आकाराची कवचाची पट्टी ताणतो, आणि एक खिट्टी सगळं अडवून धरते. खिट्टी सुटली की साठलेली ऊर्जा एकदम मोकळी होते. हातोडा आणि शिंपला यांच्यामधल्या पाण्याचा दाब इतका घटतो की तिथे बाष्पाचे बुडबुडे तयार होतात, आणि ते मिटताना आणखी एक तडाखा बसतो. म्हणून एकाच ठोशात भक्ष्याला दोन हादरे बसतात. पहिल्याचं बल १५०० न्यूटनपर्यंत मोजलं गेलं आहे, म्हणजे साधारण दीडशे किलोचा भार. बुडबुडे मिटताना प्रकाशाचा क्षीण कणही चमकतो, आपल्या डोळ्यांना मात्र तो दिसत नाही.

हा हातोडा स्वतः कसा फुटत नाही, याचं उत्तर २०१२ मध्ये मिळालं. बाहेरचा थर आपल्या दातांत असतो त्याच खनिजाचा, हायड्रॉक्सीअ‍ॅपटाइटचा. त्याखाली कायटिन या कवचातल्या चिवट द्रव्याच्या तंतूंचे थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा किंचित फिरवलेला. तडा गेला तरी त्याला सरळ वाट मिळत नाही, तो गोल गोल फिरत राहतो आणि विरतो.

तर काच. १२-१५ सेंटिमीटरच्या प्राण्यासाठी दीडशे लिटरची टाकी घ्यावी, बनवून घेणार असाल तर १० मिलिमीटर काचेची किंवा सरळ अ‍ॅक्रिलिकची. जास्त काळजी बाजूंपेक्षा तळाची करायची. तो बीळ उकरत तळापर्यंत जातो आणि आड येईल त्यावर ठोके घालतो. म्हणून तळाशी अ‍ॅक्रिलिकचा पातळ पत्रा टाकून मगच वाळू आणि प्रवाळी चुरा भरावा. दगड वाळूवर न ठेवता आधी पत्र्यावर टेकवून बसवावेत, नाहीतर खालची वाळू उकरल्यावर ते त्याच्याच अंगावर येतात. बिळासाठी दीड-दोन इंची पीव्हीसी पाइप आणि एल्बो जोडून दोन तोंडांचं भुयार करून पुरावं. पुढची सजावट तो स्वतः करतो. खडे, शिंपले उचलून आणून दार आपल्या मापाचं करून घेतो.

दगडांबाबत एक सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली दगडी प्रवाळ, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या संरक्षित आहेत. मालवणहून किंवा लक्षद्वीपहून आलेला प्रवाळाचा तुकडा कुणी देऊ केला तर घेऊ नये. सिरॅमिकचा सच्छिद्र दगड तेवढंच काम करतो.

आता पाणी. खडकवासल्याचं पाणी पिण्यासाठी उत्तम, पण त्यात क्लोरीन असतं. उपनगरांतल्या टँकर आणि बोअरच्या पाण्यात बेसॉल्टमधून विरघळलेले क्षार भरपूर. घरातल्या आरओचं पाणी चालेल असं बहुतेकांना वाटतं, पण चव यावी म्हणून त्या यंत्रात थोडं मूळ पाणी किंवा खनिजं पुन्हा मिसळलेली असतात. टाकीसाठी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्याजवळ हवं, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा हवा. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जाणारं पाणी बादल्यांत धरून फरशी आणि संडासासाठी वापरावं. पाणीकपातीच्या शहरात हे ओतून देणं मला पटत नाही. तांब्याच्या पिंपात पाणी साठवायची सवय असेल तर या कामापुरती सोडा. तांबं कवचधारी प्राण्यांना फार थोड्या मात्रेतही मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची अनेक औषधं तांब्याचीच असतात, म्हणून जुनी टाकी घेताना तिच्यात काय काय ओतलं गेलंय ते विचारून घ्यावं.

मीठ स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्रातल्या क्षारांपैकी सुमारे ८५ टक्के सोडियम आणि क्लोराइड हे खरं, पण उरलेल्या पंधरा टक्क्यांत प्राण्याचं कवच आहे. लिटरमागे सुमारे १३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम, ४०० च्या आसपास कॅल्शियम, शिवाय पीएच ८.२ च्या जवळ धरून ठेवणारे बायकार्बोनेट. हे सगळं असलेलं मरीन सॉल्ट लिटरला साधारण ३५ ग्रॅम घालायचं. दीडशे लिटरला पाच-साडेपाच किलो लागतं. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या उपकरणावर, विशिष्ट गुरुत्व १.०२५ दिसलं की झालं.

झालं म्हणजे त्या दिवसापुरतं. एप्रिलच्या कोरड्या हवेत उघड्या टाकीतून रोज दोन लिटर पाणी सहज उडतं. मीठ मात्र जागच्या जागी राहतं. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर ३५ ची क्षारता साडेअडतीसपर्यंत चढते. म्हणून रोजची भर घालायची ती बिनमिठाच्या शुद्ध पाण्याची. काचेवर पातळीची रेघ मारून ठेवली की हे काम मिनिटाचं.

पण हेच बाष्पीभवन पुण्याच्या उन्हाळ्यात कामी येतं. या प्राण्याला २४ ते २७ अंश मानवतात, आणि मे महिन्यात बंद खोलीतलं पाणी ३२ वर जातं. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला की माठात घडतं तेच टाकीत घडतं. हिशेब करून पाहा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता लागते. दीडशे लिटर समुद्राचं पाणी एका अंशाने उतरवायला लागतात सहाशेच्या आसपास. म्हणजे उडालेला एक लिटर जवळपास चार अंशांची उष्णता घेऊन जातो. बाहेरून उष्णता येतच राहते, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंशच मिळतात, म्हणजे मे महिन्यातही पाणी २९-३० वर राहतं, मानवतं त्यापेक्षा थोडं वर, पण ३२ पेक्षा बरं. मुंबईच्या दमट हवेत हा उपाय लंगडा पडतो आणि चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यावाच लागतो. जूननंतर आपल्याकडेही पंखा मंदावतो, पण तोवर ऊन उतरलेलं असतं. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री मात्र हीटर लागतोच.

तापमानाशी ऑक्सिजनही बांधलेला आहे. समुद्रसपाटीवर २५ अंशांच्या खाऱ्या पाण्यात लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ६.२. आणि पुण्याच्या उंचीवर हवेचा दाब पाच-सहा टक्के कमी असल्याने त्यातूनही तेवढाच वाटा वजा होतो. त्यामुळे पृष्ठभाग सतत ढवळणारा छोटा पंप (वेव्हमेकर) आणि वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप इथे चैनीत मोडत नाही. दुरुस्तीसाठी दुपारभर वीज जाते, तीही नेमकी उन्हाळ्यात.

एअर पंपामुळे आणखी एक धोका येतो, आणि तो फारसं कुणी सांगत नाही. डासांच्या वड्या, लिक्विड, झुरळांचे फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड वर्गाची रसायनं असतात. ती कीटकांच्या चेतातंतूंवर घाला घालतात, आणि कवचधारी प्राणी कीटकांचे नातलग. पंप खोलीतली हवा थेट पाण्यात घालतो. पावसाळ्यात सोसायटीत डेंग्यूसाठी धूरफवारणी होते तेव्हा पंपाची नळी त्या हवेपासून दूर हवी, आणि टाकीच्या खोलीत जाळीच्या खिडक्या आणि मच्छरदाणी यांवर भागवावं.

पाणी, मीठ, दगड, पंप सगळं जमलं तरी प्राणी आणायचा नाही. चार ते सहा आठवडे टाकी रिकामी चालवायची. घरातले विचारतात, 'अरे, नुसत्या पाण्याकडे काय बघत बसतोस?' पण टाकीत खरं काही घडत असतं ते याच काळात. कोळंबीचा एक तुकडा आत टाकायचा. तो कुजून अमोनिया होतो. चाचणीच्या नळीतला पिवळा रंग हिरवट होत जातो. काही दिवसांनी हिरवा पुन्हा पिवळ्याकडे वळतो आणि नायट्राइटची निळी नळी जांभळी होऊ लागते. शेवटी तीही निवळते, आणि नायट्रेट दिसू लागतं. दोन टप्प्यांसाठी दोन वेगळे सूक्ष्मजीव दगडांच्या छिद्रांत वस्तीला आलेले असतात. खाऱ्या टाकीत हे चक्र पक्कं असणं जास्त महत्त्वाचं, कारण पीएच ८.२ ला अमोनियाच्या विषारी रूपाचा वाटा पीएच ७ च्या तुलनेत दहापटीहून अधिक असतो.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट २००५ मधली. अमोनियावर जगणारे सूक्ष्मजीव म्हणजे बॅक्टेरियाच, असं शंभर वर्षं धरून चाललं होतं. त्या वर्षी सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियममधल्या उष्ण कटिबंधीय टाकीतून नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस वेगळा काढला गेला. तो बॅक्टेरिया नव्हता, आर्किया होता, म्हणजे बॅक्टेरियासारखाच एकपेशी पण जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेतला. नंतर कळलं की त्याचे भाईबंद साऱ्या महासागरांत अफाट संख्येने आहेत. समुद्राच्या नायट्रोजनचक्राचा एवढा मोठा वाटेकरी पहिल्यांदा हाती लागला तो मत्स्यालयाच्या एका टाकीत!

दिवे मंदच ठेवावेत. प्रखर उजेड आणि अपुरं बीळ असलेल्या टाक्यांत पिकॉक मँटिसच्या कवचावर खड्डे पडत जाणारा रोग जास्त दिसतो. रंग पाहायला त्याला आपल्या दिव्यांची गरज नाही. त्याच्या डोळ्यांत रंगांसाठी बारा प्रकारच्या प्रकाशपेशी आहेत, आपल्याकडे तीन. यावरून तो आपल्याला न दिसणाऱ्या असंख्य छटा पाहत असेल असं वाटतं, पण २०१४ मधल्या प्रयोगांत उलटंच निघालं. जवळजवळच्या दोन छटा ओळखण्यात तो माणसापेक्षा बराच मागे पडला. बहुधा तो छटांची तुलना करत बसत नाही, रंग झटकन ओळखून मोकळा होतो. शिकार आणि भांडण या दोन्हींत वेळच नसतो. २००८ मध्ये आणखी एक गोष्ट सिद्ध झाली. काही मँटिस श्रिंपना वर्तुळाकार ध्रुवीकरण झालेला, म्हणजे लहरी स्क्रूसारख्या पिळत जाणारा, प्रकाश वेगळा ओळखता येतो. काचेजवळ बसलात तर हे डोळे नीट बघा. दोन्ही स्वतंत्र फिरतात, देठांवर वळतात, आणि एक तुमच्यावर असताना दुसरा खाण्याच्या चिमट्यावर असू शकतो.

खाणं आपल्या मासळीबाजारातच मिळतं. जिवंत तिसऱ्या (शिंपल्या), छोटे खेकडे, सालासकट कोळंबी, आठवड्यातून दोन-तीनदा. मुळा-मुठेतल्या गोगलगायी आणू नयेत, शहराचं सांडपाणी त्यांच्या अंगात उतरलेलं असतं. लांब चिमट्याने तिसरी बिळाच्या तोंडाशी धरली की आधी शिंगांच्या शेवया बाहेर येतात आणि शिंपला चाचपतात. मग ती आत ओढली जाते, फिरवून नीट बसवली जाते, आणि टक्. आवाज दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. थोड्या वेळाने रिकाम्या कवचांचे तुकडे दाराबाहेर ढकलले जातात. हात कधीच आत घालायचा नाही, आणि सोबतीला मासे, खेकडे, दुसरा मँटिस काहीही ठेवायचं नाही.

कधीतरी तो बिळाची दोन्ही दारं खड्यांनी बुजवून घेतो आणि आठवडा-दोन आठवडे दिसत नाही. बहुतेक वेळा ही कात टाकण्याची तयारी असते. दगड उचलून पाहायचा मोह टाळायचा आणि खाणं बंद ठेवायचं. नंतर दाराशी डोळे-पाय-हातोड्यांसकट पारदर्शक पोकळ अंग पडलेलं दिसतं आणि प्राणी मेला असं वाटतं. ती कात असते. नवे हातोडे कडक व्हायला काही दिवस लागतात, तोवर कवच काढलेली कोळंबी द्यावी.

हे प्राणी कैदेत पैदास करून विकले जात नाहीत. अळ्या समुद्रात बराच काळ तरंगत वाढतात, आणि ते घरी जमवणं फार अवघड. दुकानातला प्रत्येक मँटिस समुद्रातून उचललेला असतो, मग विमानाने, मग मुंबईहून घाट चढून पिशवीत आलेला. म्हणून घेण्याआधी दुकानातच त्याला आपल्यासमोर खायला घालायला सांगा. कवचावर काळे खड्डे नाहीत ना ते टॉर्चने बघा. खात नसेल तर त्याला तिथेच राहू द्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा चक्कर मारा.